उद्या रंगपेटी आणू का?

“मॅडम, उद्या तुम्ही आहात का?” सातवीच्या वर्गात खिडकीशेजारी बसणाऱ्या मुलीनं विचारलं तेव्हा मधल्या सुटीची घंटा होऊन गेली होती. डब्यांची झाकणं उघडत होती, वर्गभर मटकीच्या उसळीचा आणि लोणच्याचा वास सुटला होता, आणि मी हाताची खडूची पूड झटकत दाराकडे निघाले होते. दुसऱ्याच्या बदली तासावर आलेल्या बाईला असं कुणी विचारलं की जरा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मी थांबले. “का गं?” म्हटलं. ती म्हणाली, “नाही, म्हणजे तुम्ही असाल तर रंगपेटी आणते. नसाल तर नाही आणत. दप्तर जड होतं.”

यात लाडीगोडी नव्हती, तक्रारही नव्हती. साधी व्यवहाराची चौकशी होती. तिच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून वेळापत्रक चिकटवलेलं आहे आणि त्यात बुधवारच्या पाचव्या तासासमोर निळ्या शाईत ‘चित्रकला’ लिहिलेलं आहे. जूनमध्ये ती दर बुधवारी रंगपेटी, पाण्यासाठी प्लास्टिकची वाटी आणि बाबांच्या जुन्या बनियनचा फडका घेऊन यायची. मग कधी भूगोलाचा धडा मागे पडलेला असायचा, कधी घटक चाचणी जवळ आलेली असायची, कधी कुणी सर निवडणुकीच्या कामाला गेले म्हणून दोन वर्ग एकत्र कोंबलेले असायचे. रंगपेटी आली तशी घरी जायची. गणपतीपर्यंत तिनं ती आणणंच सोडून दिलं. आता ती आधी विचारते.

मी म्हटलं, “बघू.” कारण मलाही माहीत नव्हतं. उद्या कुठल्या वर्गावर, कुठल्या विषयाला उभं राहायचं हे मला पर्यवेक्षकांच्या सकाळच्या फोनवर कळतं. कधीकधी तर शाळेच्या फाटकात. पण तिचं ते ‘दप्तर जड होतं’ काही केल्या डोक्यातून जाईना. सिटी बसमध्ये, नाशिकच्या रविवार कारंजावर उतरून मेथीची जुडी निवडताना, रात्री कणीक मळताना, तेच.

जे आज आलेले नाहीत त्यांच्या जागी उभं राहणं हे माझं काम. कुणी बाळंतपणाच्या रजेवर असतं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणी प्रशिक्षणाला गेलेलं असतं, कुणी मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली फिरत असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमात शिक्षकांना शिकवण्याखेरीज दुसरी कामं लावू नयेत असं म्हटलंय, आणि तिथेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवादही केलाय. आमच्यासारख्यांची चूल बरेचदा त्या अपवादावर पेटते. कागदोपत्री मी चित्रकलेची. एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा. पण रजेवर जाणारा माणूस माझा डिप्लोमा बघून रजा टाकत नाही. त्यामुळे मी हिंदीचे मुहावरे शिकवलेत, फळ्यावर पेशीचं केंद्रक काढून दाखवलंय (ते मात्र सुरेख काढलं होतं), आणि एका शाळेत आख्खा श्रावण आठवीला बीजगणित शिकवलंय. कसं शिकवलं ते त्या पोरांना विचारायला जाऊ नका.

प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये एक लांबट वही असते, बदली तासांची. डाव्या रकान्यात जे आले नाहीत त्यांची नावं, उजव्या रकान्यात त्यांचा तास कोण घेणार त्यांची, शेवटी सही. शिपाईमामा ही वही काखेत मारून येतात आणि ज्याचा तास मोकळा असेल त्याच्यापुढे धरतात. मोकळ्या तासाला वह्या तपासायच्या असतात, चहा घ्यायचा असतो, पाच मिनिटं नुसतं पाय लांब करून बसायचं असतं, आणि तेवढ्यात मामा हजर. सही करताना एकेकाचा चेहरा असा होतो की कधीतरी त्या चेहऱ्यांचं स्मरणचित्र काढायचं मी मनावर घेतलंय. माझं नाव कायम उजव्या रकान्यात. सहीला मी कुरकुर करत नाही, कारण माझा पगारच त्या रकान्यात आहे.

वर्गात शिरले की आरोळी उठते, “ऑफ आहे, ऑफ आहे!” मागच्या बाकांवर कुणी टेबल बडवतो, कुणी शिट्टी मारतो आणि ती आपण मारलीच नाही असा चेहरा करतो. हा जल्लोष माझ्यासाठी नसतो. मी आले म्हणजे गणिताचे सर आले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सगळं शांत होण्याआधीच पहिल्या बाकावरून विनंती येते, “मॅडम, ग्राउंडवर नेता का?” नाही म्हटलं की लगेच दुसरी, “मग चित्र काढू?” दर वेळी, दर शाळेत, याच क्रमानं. यातली गंमत मला उशिरा कळली. वेळापत्रकात ज्या दोन विषयांचे तास असतात आणि होत नाहीत, तेच दोन विषय पोरं दुसऱ्याच्या तासात मागत असतात. चित्राच्या तासाला गणित होतं आणि गणिताच्या तासाला चित्र. सगळ्यांचंच भागतं, फक्त कुणाचंच वेळेवर भागत नाही.

आता चित्राचं सांगते. पंचवटीच्या पलीकडे, मखमलाबादच्या बाजूला एक शाळा आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उत्तरेला उघडतात. तिथे सहावीला मी एकदा विषय दिला होता, ‘पावसाळ्यातला एक दिवस’. पन्नासएक पोरं, आणि जवळजवळ सगळ्यांनी दोन त्रिकोणी डोंगर काढून मधोमध उगवता सूर्य ठेवला. पावसाळ्यात सूर्य. वरून पाऊसही पडतोय, आणि सूर्याला किरणंही आहेत. एका कोपऱ्यात नारळाचं झाड, जे त्या परिसरात त्यांनी बघितलं असेल तर एखाद्या बंगल्याच्या कंपाउंडात. मला त्या डोंगरांचं जास्त वाटलं, कारण खिडकीबाहेर डोंगर होताच. रामशेज. पाऊस नुकताच थांबलेला, ढग वर सरकलेले, आणि किल्ल्याचा माथा सुरीनं कापल्यागत सपाट. आपल्याकडचे बहुतेक डोंगर असेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, ते थर आडवे गोठले, मग पाण्यावाऱ्यानं कडेकडेनं झिजले. म्हणून माथा पसरट आणि कडा सरळ. अंजनेरी तशीच आहे, ब्रह्मगिरी तसाच. पांडवलेण्यांचा डोंगर मात्र खरोखर निमुळता आहे, तेव्हा सिडको-अंबडकडच्या पोरांनी त्रिकोण काढला तर त्यांना मी माफ करते. पंचवटीच्या पोरांना नाही.

मग मी दहा-दहा जणांना खिडकीशी उभं केलं. रंग नाही, झाड नाही, पाऊस नाही. फक्त डोंगराची वरची रेघ काढा म्हटलं. डावीकडून सुरू करा, डोळा डोंगरावर ठेवा आणि पेन्सिल सावकाश सरकवा. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, आणि सहावीचा वर्ग बोलत नाही म्हणजे खाली ऑफिसातले लोक वर बघायला येतात. मग एक जण अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, हा डोंगर चुकलाय.” बाकीचे हसले. तो गोंधळला नाही. त्यानं पेन्सिलीनं हवेत मोजून दाखवलं: इथून चढला, तर पुढे टोक यायला पाहिजे होतं, ते आलंच नाही, आडवाच गेला. त्याच्या शेजारची एक म्हणाली, “वर पाण्याची टाकी आहेत, म्हणून सपाट आहे. आम्ही गेलो होतो.” कारण चूक होतं, पण टाकी खरी आहेत. तिनं पुढे तिच्या रेघेवर एक बारीकसा उंचवटा काढला, जो मला खिडकीतून दिसतच नव्हता. मी डोळे बारीक करून बघितलं. होता.

पोरांच्या चित्रांत आणखी एक गोष्ट मला कायम दिसते. माणसं आली की पाय गवतात जातात आणि हात पाठीमागे. हाताची बोटं काढायची सगळ्यांना भीती. गणपतीची मिरवणूक काढा म्हटलं की सगळी गर्दी पाठमोरी असते, कारण चेहरे काढावे लागत नाहीत. मी त्याला नावं ठेवत नाही. अडचणीतून वाट काढायची ही त्यांची अक्कल आहे. एका शाळेत आठवीतला एक मुलगा माणसं काढतच नसे. दर वेळी मोटारसायकल, आणि दर वेळी तीच. चेनच्या कड्या, चाकाचे आरे, सायलेन्सरच्या टोकाला आलेली निळसर झाक, सगळं जागच्या जागी. द्वारका चौकाजवळ त्याच्या मामाचं गॅरेज आहे. स्टाफरूममध्ये मी त्याचं कौतुक केलं तर त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, “मॅडम, तो पाचवीपासून हीच गाडी काढतोय.” ती कला की हट्ट, माझं अजून ठरलेलं नाही. बाजार काढ म्हटलं तर त्यानं बाजार काढला नाही, बाजाराबाहेर लावलेली गाडी काढली.

सप्टेंबर उजाडला की मात्र चित्रकलेला अचानक मान येतो. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात वाढीव गुण, ब ला पाच, क ला तीन. गणिताचे सरसुद्धा मग तास सोडतात. गुणांसाठी चित्र काढू नये वगैरे मी एकेकाळी तावातावानं बोलायचे. आता बोलत नाही. सात गुणांसाठी का होईना, एखादं पोर सुरई, दोन कांदे आणि मागचा घडी पडलेला पडदा यांच्याकडे तासन्‌तास टक लावून बसतं, आणि कांद्याची सावली काळी नसते, जांभळट असते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते हेही खरं. कांद्याची सावली तरी त्यानं एकदा बघितली.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. पोस्टाची तिकिटं आणि स्टॅम्पपेपर छापणाऱ्या प्रेसमध्ये. दिवसभर कागदात वावरणारा माणूस, पण घरी कागदाचा कपटा यायचा नाही. फाटकावर झडती असे, आणि झडती नसती तरी त्यांनी आणला नसता. त्यामुळे मी चित्रं काढली ती लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, कॅलेंडरच्या पाठीवर, साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. चित्रकलेनं काय होणार असं ते कधी म्हणाले नाहीत. ते फक्त चित्र डोळ्यांजवळ नेत आणि विचारत, “ही रेघ इथं का तुटली?” बाकी रंग कसा आहे, विषय काय आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. रेघ एका दमात गेली पाहिजे. तिकिटावरच्या दाढीचा एकेक केस वेगळा छापला जाताना बघणारे डोळे होते ते. रागच यायचा मला. आज वर्गात पोरांच्या खांद्यावरून वाकून बघताना माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघतो. ती पोरंही माझ्यावर तशीच चिडत असणार.

खेळाचं मात्र घरात कुणाला कळायचं नाही. खो-खोला मी शाळेत लागले ते चपळ होते म्हणून नाही; नववा गडी कमी पडत होता म्हणून. पण लागले ती लागलेच. सकाळी मैदानावर फक्कीनं आखलेल्या ताज्या पांढऱ्या रेषा, मुरुमाचा ओला वास, गुडघ्यावर कायम एक खपली. चौकोनात बसायचं कसं याचंही शास्त्र असतं. टाचा उचललेल्या, बोटांची टोकं जमिनीला, मान किंचित वळलेली आणि कान मागे. समोरचा गडी डोळ्यांदेखत पळत असतो, हात लांब केला तर लागेल इतका जवळून जातो, पण पाठीवर थाप पडून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आणि एकदा उठून दिशा धरली की खांबापर्यंत परत फिरायचं नाही. मधली रेषा ओलांडायची नाही. आत्ता माझं जे चाललंय ते साधारण असंच आहे: टाचा उचलून बसायचं, फोन आला की उठायचं, आणि दिशा दुसऱ्यानं ठरवलेली.

खो देताना आवाज खणखणीत यावा लागतो, नाहीतर पंच फाऊल देतात. हा नियम मला फार आवडतो. नाशिकरोडच्या एका शाळेत नववीची एक मुलगी होती. वर्गात हजेरी देतानाही तिचे फक्त ओठ हलायचे, आणि सर तिची गैरहजेरी मांडायचे. पीटीचे सर नव्हते म्हणून मैदानावर मी उभी. तिला चौकोनात बसवलं. पहिल्या डावात तिनं थाप मारली पण खो तोंडातच राहिला, फाऊल. दुसऱ्यांदा तेच. पुढे बसलेल्या मुलीनं वैतागून मागे वळून तिला जे सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. तिसऱ्या वेळी तिनं असा खो ओरडला की पलीकडच्या रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून बघायला लागला. आता ती बोलकी झाली असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी हजेरीला पुन्हा ओठच हलले. मैदानावर ती ओरडते, वर्गात ओरडायचं काही कारण तिला दिसत नाही. मला ते पटलं.

29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, सगळ्या शाळांत भाषणं होतात, आणि नाशिकच्या भाषणांत दोन नावं हमखास येतात. एक हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचं. नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घाम गाळून 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईत रौप्य. दुसरं चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं. ज्या भागात टँकरची वाट बघतात तिथला हा मुलगा लष्करात गेल्यावर नौका वल्हवायला शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला उतरला. पोरं हे ऐकताना खरंच गप्प असतात. पण मी एका शाळेत हे भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि त्याच दिवशीचा पीटीचा तास चाचणीच्या सरावाला गेलेला बघितला. सूचना सांगायला मलाच पाठवलं होतं. पोरं कुरकुरलीसुद्धा नाहीत. बूट घालून आलेली दोघं-तिघं होती, त्यांनी ते काढून बाकाखाली सरकवले आणि वह्या उघडल्या.

दोष कुणा एकाचा नाही, हे मला आतून माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा, असं त्याच्या अनुसूचीत सांगितलंय. मग पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, आणि कार्यानुभव यांच्यासाठी निदेशक. अंशकालीन. म्हणजे मुलाचा हात, पाय आणि डोळा कायद्यानंच अर्धवेळ करून ठेवलाय. मग पर्यवेक्षकांनी तरी काय करावं? गणिताचा तास रिकामा गेला तर पालक दारात येतात. चित्रकलेचा गेला तर कुणी येत नाही. मी स्वतः पालक म्हणून गेले नव्हते, माझ्या मुलाच्या वेळी. आणि हेही आहेच की हे दोन तास सगळीकडे नीट चालू लागले, प्रत्येक शाळेला पूर्णवेळ कलाशिक्षक मिळाला, तर जागा एकच निघेल आणि तिथे एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, झालेलं कुणी तरुण माणूस येईल. मी कुठे असेन? हा विचार मनात आला की मी लगेच दुसऱ्या कामाला लागते.

एकच दिवस असा असतो की रंगाला वेळापत्रक लागत नाही. रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांचे कान गुलाबी किंवा पिवळे. जुन्या नाशकातली पोरं रहाडीच्या गोष्टी सांगतात. वर्षभर बुजवलेला दगडी हौद उघडतो, फुलं उकळून रंग तयार होतो, आणि रंगात उडी मारली की बाहेरच्यांच्या अंगावर सपकन उसळतो. सातपूरचा एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे नळाचं पाणी आणि पुडीतला रंग. त्यावर तिवंध्याजवळ राहणाऱ्याचा चेहरा असा फुलला, की त्या दिवशी मी फळा पुसला आणि त्याला रहाडीचा छेद काढायला लावला: खोली किती, पायऱ्या कुठे, माणसं कुठे उभी राहतात. विषय इतिहासाचा होता. सर रजेवर होते.

त्या मुलीचं राहिलं. बुधवारी मी त्या शाळेत होते, पण दहावीच्या वर्गावर, पर्यवेक्षणाला. पाचव्या तासाला सातवीत चित्रकला झाली नाही. शाळा सुटताना ती जिन्यात भेटली. माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, तिच्या पाठीवर दप्तर. “बरं झालं, नाही आणली,” ती म्हणाली, आणि हिशेब बरोबर आल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मला तिच्या रडण्यानं जेवढं लागलं नसतं तेवढं त्या समाधानानं लागलं.

त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा मागून घेतला. तिथे फुटक्या परीक्षानळ्या आणि एका बेडकाची जुनी बरणी होती. बेडूक वरच्या कप्प्यात गेला, आणि सातवीच्या रंगपेट्या आता खाली राहतात, म्हणजे कुणाला वागवाव्या लागत नाहीत. फार मोठं काम नाही, आणि धड चाललंय असंही नाही. पांढऱ्या रंगाच्या ट्यूबा पळतात. पिवळ्याच्या वडीत कुणीतरी काळा बुडवलेला ब्रश घालून ठेवतं आणि नाव कुणी घेत नाही. एकदा कुणाच्या तरी पेटीत अर्धी चिक्की राहिली आणि कप्पाभर मुंग्या झाल्या, त्यावर विज्ञानाच्या बाईंनी मला शुद्ध मराठीत चार शब्द ऐकवले. पण तास मिळाला की पाच मिनिटांत कागद ओले होतात. माझाच तास असायला हवा असंही नाही. मोकळा तास कुणाचाही असला तरी कप्प्याची किल्ली मामांकडे असते.

आणि मग महापालिका स्तरावरच्या शालेय खो-खो स्पर्धा आल्या. पीटीचे सर नेमके निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. चौदा वर्षांखालच्या मुलींबरोबर कोण जाणार, असा प्रश्न निघाला आणि मी हात वर केला. या पोरी जानेवारी 2025 मधला दिल्लीचा पहिला खो-खो विश्वचषक मोबाईलवर बघून पिसाळलेल्या आहेत. प्रियंका इंगळेच्या संघानं नेपाळला हरवलेला अंतिम सामना त्यांना चेंडू-दर-चेंडू म्हणावं तसा खो-दर-खो पाठ आहे, आणि मॅटवरचे बूट आपल्याकडे का नाहीत हा त्यांचा मुख्य सवाल आहे. मी जाणार म्हटल्यावर माझे तास कुणीतरी घ्यायला हवेत. सकाळी मामा वही घेऊन आले. डाव्या रकान्यात माझं नाव होतं, उजव्यात गणिताच्या सरांचं. मी ते दोनदा वाचलं. सर म्हणाले, “मॅडम, सातवीला चित्रकला आहे. मी काय करू? मला चित्र येत नाही.” मी म्हटलं, “मला बीजगणित येत होतं का?” ते हसले. मग मी त्यांना किल्ली कुणाकडे आहे ते सांगितलं, पेट्या वाटायच्या पण पांढरी ट्यूब मोजून घ्यायची हे सांगितलं, आणि पोरांच्या जागेवर जाऊन रेघ कुठे तुटली तेवढं विचारा म्हटलं. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. एका गुणानं. संकुलाच्या बाहेर सगळ्यांनी वडापाव खाल्ला आणि सिटी बसमध्ये बसल्यावर भांडण सुरू झालं. शेवटच्या मिनिटाला खो देताना आमच्या मुलीचा खांदा वळला, म्हणून फाऊल, असं पंचांचं म्हणणं होतं, तिचं नव्हतं. खांदा वळला होता की नाही हे दाखवायला तिनं दोघींना सीटमधून उठवून मधल्या जागेत उकिडवं बसवलं, एकीला समोरून पळायला लावलं आणि स्वतः मागून थाप मारून दाखवली. तेवढ्यात निमाणीच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तिघीही एका भाजीच्या पाटीवर जाऊन पडल्या, आणि कंडक्टर मागून ओरडला, “ओ मॅडम, पोरी बसवा ना खाली!” मी उठले. “फाऊल नव्हता,” मी तिला म्हटलं, “पण खो जरा मोठ्यानं दे.”